नाचणगावची पळती वरात

माझे बाबा, नत्थूजी, देवळीत लग्नाचा बँड चालवतात आणि माझा भाऊ अमर वायुसेनेत आहे. पहिली गोष्ट बाबा कामापुरती सांगतात. दुसरी त्यांनी पानठेलेवाल्यापासून तहसीलच्या चपराशापर्यंत सगळ्यांच्या कानावर घातली आहे. "पोरगा विमानावर हाये," एवढंच म्हणतात आणि पुढचं ऐकणाऱ्यावर सोडून देतात. ऐकणारा अमरला थेट पायलट करून टाकतो.

खरं काय ते घरात फक्त मला ठाऊक होतं. अमर वायुसेनेच्या बँडात क्लॅरिनेट वाजवतो. लहानपणापासून बाबांनी त्याला बाजाला हात लावू दिला नव्हता. "हे धक्के खाणं माह्यावरच संपलं पायजे, रुपा," असं ते मला म्हणायचे. म्हणून अमर आमच्याच बँडच्या सदाशिवरावांकडे चोरून शिकला आणि त्याच विद्येवर भरती झाला. आता हे बाबांना सांगायचं कसं, या काळजीनं तो वाळत चालला होता. मी म्हणायची, सांगून मोकळा हो. पण हा एवढा जवान गडी, बापासमोर उभा राहिला की विषयच बदलायचा.

मे महिन्यात तो सुट्टीवर आला. पहिल्याच दिवशी बाबांनी विचारलं, "तू त्या विमानात नेमका कुठी बसतं?"

"बाबा, विमानात बसणारे थोडेच राह्यते," अमर म्हणाला. "बाकी कोणी नव्या पोराइले शिकवते, कोणी इंजिन खोलते, कोणी पेट्रोल भरते, कोणी हवामान सांगते, कोणी सैपाक करते. सगळ्याइचे अलग अलग युनिट."

"आन् तू?"

"मी... सपोर्टमधी."

बाबांनी समजूतदारपणे मान डोलावली. "मंजे आपल्या जनरेटरवाल्या निकेशसारखा. तो नसला तं भोंगे मुके." मला हसू आवरेना, आणि त्या हसण्यात अमरची संधी गेली. मी त्याला चिमटा काढला, तर म्हणे उद्या नक्की सांगतो.

दुसऱ्या दिवशी नाचणगावला वरात होती. मी बँडचे फोन घेते आणि वरातीत पाण्याचा कॅन स्कूटीवर ठेवून मागून चालते. अमरही सोबत आला. तिथे पाहतो तर सदाशिवरावांचा गाल फुगलेला. दाढ सुजली होती, क्लॅरिनेट ओठांत धरवेना. नवरदेव घोडीवर चढून बसला होता आणि बाबांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

सदाशिवराव कसेबसे म्हणाले, "अमरले द्या. येते त्याले. मीच शिकवलं."

बाबांनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग अमरकडे. रागवायलाही वेळ नव्हता. त्यांनी क्लॅरिनेट पोराच्या हातात दिलं. "घरी गेल्यावर पाह्यतो तुले," एवढंच म्हणाले.

अमरनं बाजा ओठांना लावला आणि काय सांगू तुम्हाला! सूर असा स्वच्छ निघाला की टपरीवरची माणसं चहा ठेवून उभी राहिली. मला रडूच आलं. रडता रडता माझ्या लक्षात आलं, की वरात पळते आहे.

लग्नाचा बँड दोन पावलं चालतो आणि नाचणाऱ्यांसाठी थांबतो. वायुसेनेचा बँड थांबत नाही. अमरच्या पायांना आता दुसरं काही येतच नव्हतं. ताठ मान, समोर नजर, आणि गडी झपाझप निघाला. आमच्या लोकांना क्लॅरिनेटच्या मागे जायची सवय, तेव्हा ढोल गेला, ताशा गेला, निकेश जनरेटरची गाडी ढकलत धावत सुटला. नाचणारी पोरं हात वर केलेलीच मागे राहिली. नवरदेवाच्या मावशीनं शालू वर खोचून धूम ठोकली. घोडीला मात्र चाल पसंत पडली, ती दुडक्या चालीनं निघाली आणि नवरदेव तिच्या मानेला बिलगला.

"अमर, दमानं!" मी हॉर्न दाबत ओरडले. कोण ऐकतो?

मांडवात मुलीचे वडील दौलतराव अजून बनियनवर होते. आमच्या भागात मुहूर्त पत्रिकेत एक असतो आणि मांडवात दुसराच. त्या दिवशी अक्षता वेळेवर पडल्या. भटजींनी दोनदा घड्याळ पाहिलं. दौलतराव भेटेल त्याच्या पाठीवर थाप मारत होते.

लग्न लागल्यावर बाबांनी अमरला मांडवामागे नेलं. मीही गेले, मला कोण अडवणार?

"असं चालाले कोणं शिकवलं?"

अमर सावधान उभा राहिला. "वायुसेनेनं. बाबा, मी तिथं बँडातच हावो. बाजाच वाजवतो."

बाबांनी जे विचारलं ते माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

"तिथं तुमाले जेवाले कवा बसवते? सगळ्याइच्या मागून?"

"नाई बाबा. इंजिनवाले, रडारवाले, ड्रायव्हर, आमी, एकाच मेसमधी. जो आधी आला तो आधी बसते."

बाबांनी रुमालानं तोंड पुसलं. डोळेही पुसले, पण घाम पुसल्यासारखे. तेवढ्यात दौलतराव धावत आले. "नत्थूजी, पयली पंगत मांडून झाली अन् वऱ्हाडी अजून कुलरसमोर धापा टाकून राह्यले. कोणाले बसवू आता?"

बँडवाले शेवटी जेवतात, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. बाबांनाही कधी लागलं नव्हतं.

"जो आधी आला तो," बाबा म्हणाले आणि वळून हाक मारली, "सदाशिवराव, निकेश, या रे सगळे. बसा."

आमची लाल कोटवाली मंडळी बिचकत पहिल्या पंगतीला बसली. दौलतराव हसत हसत स्वतः वाढायला आले. अमरपाशी थांबून म्हणाले, "हे पाव्हणे कोण?"

बाबांनी मांडवभर ऐकू जाईल असं सांगितलं, "माहा पोरगा हाये, अमर. वायुसेनेत बाजा वाजवते."