हलका क्लच

"दिवा जरा डावीकडे घे बारक्या. डबीवर सावली पडतेय," दादा खालून म्हणाला.

मी स्टुलावर उभा होतो. आमचा स्टॉल हॉलच्या शेवटच्या रांगेत, स्वच्छतागृहाकडे जाणाऱ्या वाटेवर होता. एक टेबल, दोन खुर्च्या आणि टेम्पोत घालून आणलेली दादाची जुनी मोटारसायकल, एवढ्यानंच तो भरून गेला होता. समोर एका बड्या कंपनीनं चिखलात धावणाऱ्या चारचाकी बाइक फिरत्या चौथऱ्यावर चढवल्या होत्या. तिथलं संगीत कानांत नाही, थेट बरगड्यांत वाजायचं.

"माणसं इकडे फिरकतील का रे?" दादानं विचारलं.

"न येऊन सांगतात कुणाला! कधी ना कधी प्रत्येकाला इकडे यावंच लागतं," मी स्वच्छतागृहाच्या पाटीकडे बोट दाखवलं.

दादा पोट धरून हसला. माझ्या बोलण्यावर तो असा हसल्याचं मला आठवतं ते तेवढंच शेवटचं.

आमची आई म्हणायची, देवानं मोठ्याला हात दिले आणि धाकट्याला तोंड. वडील गेले तेव्हा दादा सोळा वर्षांचा होता. शाळा सोडून तो गॅरेजला लागला आणि मी शिकलो. इंजिनाचा आवाज ऐकून दुखणं सांगणारा हा माणूस, पण चार परक्यांसमोर उभा केला की त्याची जीभ टाळूला चिकटायची. गिऱ्हाइकांशी बोलणं, पत्रं, फोन, हे सगळं माझ्याकडे. त्याला त्याचं काही वाटत नसे. "बोलायचं खातं बारक्याकडे," असं तो अभिमानानं सांगायचा.

मग एके दिवशी त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं गॅरेजमधल्या लोखंड दाबायच्या प्रेसखाली गेली. जखम भरली, पण उरलेल्या बोटांनी क्लच दाबता येईना. गाडी विकून टाक, असं सगळ्यांनी सांगितलं. दादानं विकली नाही. पुढचे आठ महिने तो जेवणाच्या सुट्टीत एका हातानं घास घ्यायचा आणि दुसऱ्या हातानं एक लोखंडी चकती चाचपत बसायचा. पुन्हा कानस, पुन्हा घासणं. शेवटी काड्यापेटीएवढी एक डबी तयार झाली. क्लचची तार त्या डबीतून न्यायची. आतली वाकडी चकती अशी फिरायची की निम्म्याहून कमी जोरात क्लच दबला जाई. दादा गाडीवर बसला, गल्लीला एक चक्कर मारून आला आणि दारातच गाडी उभी करून बराच वेळ तिच्यावर बसून राहिला. वहिनी उंबऱ्यात उभी राहून डोळे पुसत होती.

मग संधिवातानं बोटं आखडलेली एक शिक्षिका आली, पक्षाघातातून उठलेला एक फिरता विक्रेता आला. डबी सगळ्यांना उपयोगी पडत होती. प्रदर्शनात स्टॉल घ्यायची कल्पना मात्र माझी. मी दोघांसाठी गॅरेजचं नाव छापलेले शर्टही शिवून घेतले होते. दादानं तो घातला नाही. "कॉलर टोचते," म्हणाला, आणि वहिनीनं इस्त्री करून दिलेला राखाडी कामाचा कोटच त्यानं चढवला.

पहिला दिवस कोरडा गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी पाच-सहा सूटवाले आमच्या रांगेत वळले. मधल्या उंच माणसाच्या गळ्यातलं ओळखपत्र मी वाचलं. ज्यांच्या मोटारसायकली निम्म्या रस्त्यांवर दिसतात, त्या कंपनीचा तो मुख्य इंजिनिअर होता. त्यानं दादाच्या गाडीचा क्लच एका बोटानं दाबला, सोडला, पुन्हा दाबला.

"हे कुणाच्या डोक्यातून निघालं?" त्यानं विचारलं.

दादा माझ्या शेजारीच होता, हातात टाकी पुसायचं फडकं घेऊन. मी बोलायला तोंड उघडलं तेव्हा माझ्या मनात काय होतं, हे मी स्वतःला हजार वेळा विचारलंय. दादाला पुढे केलं असतं तर तो अडखळला असता, आणि ही माणसं निघून गेली असती, असं मी पुढे कितीतरी दिवस स्वतःला समजावत राहिलो. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी एवढा विचारच नव्हता. समोरचा माणूस कौतुकानं माझ्याकडे पाहत होता, आणि ते कौतुक मला हवं होतं.

"माझ्या," मी म्हणालो.

"आणि हे?" त्यानं दादाच्या कोटाकडे पाहिलं.

"हे आमचे मेकॅनिक."

शब्द तोंडातून सुटला तो सुटला. फिरता चौथरा फिरत होता, संगीत वाजत होतं. दादानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. इंजिनिअरनं त्यालाच विचारलं, "काय हो, सहा महिने रोज वापरल्यावर तार झिजत नाही?"

दादानं फडक्याची घडी घातली. मग न अडखळता, अगदी स्वच्छ म्हणाला, "ते साहेबांना विचारा. साहेबांनीच बनवलंय."

इंजिनिअर माझ्याकडे वळला. मी बोललो. फार छान बोललो. त्यानं कार्ड दिलं, फोटो काढला. फोटोत येऊ नये म्हणून दादा स्वतःहून टेबलाच्या मागे सरकला.

ते गेल्यावर शेजारच्या स्टॉलवरची बाई, हेल्मेटच्या काचा विकणारी, हळूच म्हणाली, "ते तुमचे भाऊ ना?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"दोन दिवस एकाच डब्यात जेवताय. आणि आरशात बघता की नाही कधी? नाक-डोळे एका साच्यातले."

मी काहीतरी पुटपुटलो. ती तोंडाची वाफ सोडून काच पुसत राहिली.

तिसऱ्या दिवशी दादा नेहमीच्या वेळेला आला. गाडी पुसली. लोकांसमोर तो मला साहेब म्हणत राहिला. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी भांडलो असतो, रडलो असतो, काहीतरी झालं असतं. संध्याकाळी टेम्पोत सामान भरताना मी म्हणालो, "दादा, ते काल..."

"दोरी आवळून बांधायला सांग टेम्पोवाल्याला. मागच्या खेपेला आरसा फुटला होता."

त्यानंतर त्यानं मला बारक्या म्हणून हाक मारली नाही. साहेबही म्हटलं नाही. बोलायचा, पण हाक न मारता. "ऐकलंस का," "जरा इकडे ये," असं. ही गोष्ट आधी वहिनीच्या ध्यानात आली. "भावजी, तुमचं काही बिनसलंय का?" तिनं विचारलं. नाही, मी म्हणालो. दादानं तिला काहीच सांगितलं नव्हतं.

कंपनीनं डबी घेतली. कागदांवर माझं नाव चढलं आणि मला तिथे मोठी जागा मिळाली. आधी वाटायचं, करार होऊ दे, मग खरं सांगू. मग वाटलं, पहिला माल बाजारात येऊ दे. खोटं जुनं झालं की त्याच्यावर इतके कागद चिकटतात की ते सोलून काढायला हात धजत नाही. आराखड्यात अडलो की मी गॅरेजला जायचो. दादा कान कोरत बसल्याच्या निवांतपणे कागदावरून नजर फिरवायचा, पेन्सिलनं एक रेघ ओढायचा आणि म्हणायचा, "इथे अडतंय." अडलेलं सुटायचं. तू कंपनीत ये, असं मी तीनदा म्हणालो. "मी बरा आहे इथे," हे त्याचं तिन्ही वेळचं उत्तर.

नऊ वर्षांनी त्याच हॉलमध्ये आमच्या कंपनीचा स्टॉल सगळ्यात पुढे, प्रवेशद्वारासमोर होता. शेवटच्या दिवशी मी मागच्या काचेच्या खोलीत परदेशी पाहुण्यांबरोबर बसलो होतो. सहज बाहेर नजर गेली, तर दादा.

केस पांढरे झालेले, गळ्यात प्रेक्षकाचं ओळखपत्र. तिकीट काढून आला होता. आमची माहिती सांगणारी मुलगी त्याला डबीचा कापलेला नमुना दाखवत होती आणि तो हात मागे बांधून ऐकत होता. ती चकती फिरवायची, तो मान हलवायचा. मध्येच त्यानं काहीतरी विचारलं. तिनं हसून खांदे उडवले. पाहुण्यांमधून मला उठता येईना. खोटं कशाला बोलू, उठता आलं असतं. मी बाहेर आलो तेव्हा तो गर्दीत दिसेनासा झाला होता.

"आत्ता इथे जे होते, ते काय म्हणाले?" मी मुलीला विचारलं.

"फार गोड काका होते, सर. सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मला शाबासकी दिली. म्हणाले, छान समजावून सांगतेस, मला असं कधी जमलं नसतं."

"आणि विचारलं काय?"

"थंडीत आवाज करते का, म्हणाले. मला माहीत नव्हतं. म्हणाले, करत असेल तर चकतीची आतली कड अर्ध्या केसाएवढी घासून कमी करा, थांबेल. माहितीपत्रक दिलं, तर चाळून परत ठेवलं. कुणाच्या तरी कामाला येईल, म्हणाले. तुमच्या ओळखीचे होते का, सर?"

दोन हिवाळे आम्ही त्या आवाजामागे लागलो होतो. प्रयोगशाळेतली सात माणसं.

"माझा मोठा भाऊ," मी म्हणालो. "ही डबी त्यानं बनवलीय. मी नाही."

ती माझ्याकडे पाहून खळखळून हसली. "काय सर तुम्ही पण!"

तेवढ्यात दोन नवी माणसं आली. तिनं माहितीपत्रक त्यांच्या हातात दिलं, माझ्या फोटोवर बोट ठेवलं आणि पाठ केलेलं पहिलं वाक्य सुरू केलं. मी ऐकत उभा राहिलो. हात नकळत पाठीमागे बांधले गेले होते.