दोन बांध्या

खुशालने दारातल्या चपला पायानेच बाजूला सारल्या आणि चिखलाच्या पायांनी तो तसाच लीलाधर पटले सरांच्या दिवाणखान्यात शिरला. सतरंजीवर बारा-पंधरा माणसे डोळे मिटून बसली होती. उदबत्ती जळत होती, कुणाच्या तरी मोबाइलमधून बासरी वाजत होती. तीन दिवसांच्या पावसानंतर ऊन पडले होते, सारे गाव शेतात कमरेतून वाकले होते आणि ही मंडळी इथे पंख्याखाली बसून जगाचे भले करत होती.

त्याला त्यांच्यातली एकच बाई हवी होती. त्याच्या वारलेल्या थोरल्या भावाची बायको, शांतीबाई, डोक्यावर पदर घेऊन मागच्या भिंतीला टेकली होती. तिच्या दोन बांध्यांतले, भातशेतीच्या दोन तुकड्यांतले, धान कापलेले होते आणि त्याच्या कडपा, म्हणजे न बांधलेले पुंजके, ओळीने पाण्यात पडून होत्या. आज उचलून बांधाच्या पाळीवर उन्हात टाकल्या नाहीत तर उद्या दाण्याला कोंब फुटणार आणि वर्षभराचे खाणे मातीत जाणार. त्या दोन बांध्यांखेरीज तिला दुसरे काही नव्हते.

"भौजी, उठा."

शांतीबाईने डोळे उघडले, पण ती हलली नाही. सरांनी मात्र एक बोट ओठांवर ठेवले. भिंतीवरच्या घड्याळात आठला पाच मिनिटे कमी होती आणि आठ वाजेपर्यंत या खोलीत कुणी बोलायचे नसते.

सर मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले होते. निवृत्त झाल्यावर माणसे परसात भाजीपाला लावतात, नातवंडे खेळवतात. सरांनी पृथ्वी सांभाळायला घेतली होती. कुठल्या बेटावर ज्वालामुखी फुटला, कुठे जंगल पेटले, कुठे भूकंप झाला, की ते फळ्यावर त्या देशाचे नाव लिहीत आणि साडेसात ते आठ सगळ्यांनी तिकडे प्रकाश पाठवायचा. भूकंपाला पिवळा, आगीला निळा. उंटावरून शेळ्या हाकणारे खुशालने पुष्कळ पाहिले होते, पण यांना तर उंटही लागत नव्हता. दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात गावातल्या टेकचंदची वाळल्या तणसाची गंजी पेटली तेव्हा यांच्यातला एकही जण बादली घेऊन धावला नाही. सकाळी पावणेआठची वेळ होती आणि सगळे परदेशातल्या एका वणव्यात गुंतले होते. तेव्हापासून खुशाल या खोलीला झोपाळूंची शाळा म्हणे, आणि सरांच्या तोंडावर म्हणे.

शांतीबाई इथे येऊ लागली त्याला आठच दिवस झाले होते. तिचा एकुलता एक मुलगा रोशन पूर्वेला ओडिशाच्या किनाऱ्यावर एका बंदरात वेल्डिंगच्या कामाला होता आणि पत्र्याच्या खोलीत राहत होता. समुद्रात वादळ उठल्याची बातमी आली, रोशनला सुटी मिळाली नाही, आणि दुसऱ्याच सकाळी ही बाई येऊन भिंतीला टेकली. खुशालला तेव्हाच चीड आली होती. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, पण निदान काडी तरी असावी.

आता त्याचे लक्ष फळ्याकडे गेले. सरांच्या वळणदार अक्षरात लिहिले होते: 'ओडिशा किनारा. वादळ शमले. आपल्या सामूहिक ऊर्जेचा विजय. आज आभार-ध्यान.'

खुशालने ते दोनदा वाचले. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. आठ वाजायची वाट न पाहता तो म्हणाला,

"सर, हे तुमी केलं?"

बासरी बंद झाली. सर प्रसन्नपणे हसले.

"आपण सर्वांनी, खुशालजी. केवढ्या वेगानं येणार होतं ते. किनाऱ्याला लागता लागता निम्मं झालं. टीव्हीवालेसुद्धा चकित आहेत."

"अन् मंग कुठं गेलं ते?"

"विरून गेलं."

"विरलं नाई. इकडं आलं. तीन दिवस आमच्या डोक्यावर बसून होतं. चोरखमाऱ्यापासून तिरोड्यापर्यंत एक कडप सुकी नाई. तिकडून तुमी हाकललं, त इकडं कोणी बलावलं?"

त्याने हे चेष्टेतच म्हटले होते. पण तोंडातून निघाल्यावर ते त्यालाच खरे वाटू लागले आणि त्याचा आवाज चढला. दोन वर्षे ज्या माणसांची त्याने टर उडवली, त्यांनाच आता तो वादळाचा जाब विचारत होता आणि त्यात काही वावगे आहे असे त्याला वाटत नव्हते.

"सांगा ना. हाकलाचं होतं त समुद्रात हाकलाचं. आमच्या धानावर कायले?"

पुढच्या ओळीतल्या छोटेलालने डोळे उघडले. त्याचीही चार एकरांची शेती होती.

"हो सर," तो हळूच म्हणाला. "माह्या बी कडपा भिजल्या."

सरांचे हसू मावळले. एवढ्या वर्षांत त्यांना कुणी हिशेब विचारला नव्हता, कारण आजवरची सगळी संकटे दूरच्या देशांत झाली होती आणि तिथला माणूस काही जाब विचारायला तिरोडा तालुक्यात येत नाही.

"अहो, असं कसं म्हणता? ध्यानानं कुठं वारं वळतं? कमी दाबाचा पट्टा असतो, त्याचं शास्त्र असतं. हवामान खातं सांगतंच की. आम्ही आपले फक्त भावना पाठवतो."

बोलता बोलता ते उठले आणि फळ्यावरचा 'विजय' तळहाताने पुसू लागले. खुशालच्या छातीत गार वाटले. ज्या माणसाला उघडे पाडायचे म्हणून तो दोन वर्षे झुरत होता, तो स्वतःच आपल्या हाताने उघडा पडत होता.

"सरचा दोष नाई," मागून शांतीबाई म्हणाली. "म्या बलावलं त्याले."

सगळे वळले. तिने पदर सारखा केला.

"सर म्हणत, प्रकाश धाडा. मले काई प्रकाश धाडता येत नाई. म्या वादळालेच म्हटलं, माहा पोरगा हाय तिथं. त्याच्यावरून जाऊ नको. माह्या दोन बांध्या घे."

खुशालला त्या दिवसाची आठवण झाली. वादळाचा इशारा आला तशी ज्यांनी धान कापले होते त्यांनी घाईघाईने भारे बांधून नेता येतील तेवढे नेले, आणि हिने नेमक्या त्याच दिवशी बाया लावून आपले उभे धान कापून घेतले. तो पाळीवर उभा राहून ओरडला होता, भौजी, अक्कल गहाण ठेवली का. बाया कापत होत्या आणि ती मागे मागे लोंब्या एकाच दिशेला करून एकेक कडप सरळ करत गेली होती.

"म्हणून कापलं का तुमी?"

"उभं धान देल्लं असं होत नाई. कापून समोर ठेवा लागते."

खुशालच्या जिभेवर दहा गोष्टी आल्या. वादळाला गावाचा पत्ता कुणी दिला, आणि तुमच्या बांध्या घ्यायच्या होत्या तर शेजारच्या कशाला घेतल्या. त्यातली एकही बाहेर पडली नाही.

"रोशनचा फोन आला?"

"काल आला. बाजूच्या खोलीचे पत्रे उडाले. दोघांले लागलं. याले काई नाई झालं."

"मंग झालं ना. पोरगा वाचला. आता चाला, कडपा उचलू."

"देल्लं ते उचलाचं कसं, खुशालभाऊ?"

"अन् वर्षभर खासान काय?"

"पाहू," ती म्हणाली, जणू तो उद्याच्या भाजीबद्दल विचारत होता.

"बघा," सर सर्वांकडे वळून म्हणाले, "हीच ती श्रद्धा." आणि त्यांनी पुन्हा खडू हातात घेतला.

खुशालला तिथे आणखी एक क्षणही थांबवेना. तो बाहेर पडला आणि कालव्याच्या रस्त्याने तडक शेतावर आला. वाटभर तो पुटपुटत होता. म्हातारी भोळी, मास्तर लबाड, आणि वादळ आपल्या वाटेने आले नि गेले. हे सगळे त्याला अगदी स्पष्ट दिसत होते. हाताच्या काकणाला आरसा कशाला.

शेतात त्याच्या बायकोने, मंदाबाईने, घरच्या कडपा पाळीवर टाकून संपवल्या होत्या आणि आता ती शांतीबाईच्या बांधीत घोटाभर पाण्यात उतरली होती.

"भौजी नाई आल्या?" तिने विचारले. "रायू द्या. म्या काढल्या चार ओळी. दोघं लागलो त दिवस बुडेपर्यंत होऊन जाते."

पाळीवर चार ओळींच्या कडपा उन्हात निथळत होत्या. खुशालने एक लोंबी हातात घेऊन दाणा नखाने सोलून पाहिला. अजून कोंब नव्हता. तांदूळ पांढरा होता. चांगले धान होते, वर्षभर खाता आले असते.

मग त्याने कालव्याच्या रस्त्याकडे पाहिले. रस्त्यावर कुणी नव्हते. त्याने वाकून दोन्ही हातांत एक कडप उचलली आणि बांधीत उतरून पाण्यात ठेवली. मग दुसरी घ्यायला तो पाळीकडे वळला.

"हे काऊन जी?" मंदाबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "डोस्कं फिरलं का?"

"रायू दे."

"तिचं खाणं हाय ते."

"आपल्यातलं देऊ."

तो दुसरी कडप घेऊन पाण्यात आला, खाली वाकला आणि मध्येच अडला.

"लोंब्या कोणीकडं होत्या?"

"काय?"

"तू उचलल्या तवा. लोंब्या कोणीकडं होत्या?"

"पूर्वेकडं," ती म्हणाली.

खुशालने हातातली कडप फिरवली, लोंब्या पूर्वेकडे करून ती पाण्यात ठेवली, आणि मागे जाऊन पहिलीही सरळ केली.