मंजुळा वारली, दुकान बंद

कादंबऱ्या वाचून मुलगा बिघडतो, असं आमच्या तीर्थरूपांचं मत होतं आणि पुरावा म्हणून ते मलाच दाखवत. घरात कादंबरी आणायची सोय नव्हती. म्हणून मी सोलापूरच्या भवानी पेठेत महादेवप्पांच्या लुगड्यांच्या दुकानात जाऊन बिघडत असे.

महादेवप्पा वाचनालयाचे वर्गणीदार. त्यांना वाचता यायचं ते कानडी. मराठी फक्त बोलता यायचं. मराठी अक्षरं त्यांना दोरीवर वाळत घातलेल्या धुण्यासारखी दिसत. तेव्हा पुस्तक त्यांनी आणायचं आणि दुपारी मी वाचून दाखवायचं, असं ठरलेलं. मध्येच गिऱ्हाईक आलं तर वाचन थांबत नसे, गिऱ्हाईक थांबे.

एकट्यानं वाचलेल्या कादंबरीत मला कधी राम वाटला नाही. महादेवप्पांबरोबर वाचायचं म्हणजे पुस्तकात घरचं माणूस धाडल्यासारखं होई. नायकानं घोड्याला टाच मारली की ते विचारत, "त्याला पाणी पाजलं का?" लेखकानं बहुधा पाजलेलं नसे. मी पाजून पुढे जाई.

त्या वर्षी गणपतीनंतर आम्ही मंजुळेची कादंबरी धरली. मंजुळा म्हणजे गरीब गाय. सासू छळतेय, नवरा परगावी, आणि ही आपली हूं नाही की चूं नाही. शेवटून दुसऱ्या प्रकरणात ती तापानं गेली. मी ते प्रकरण फार रंगवून वाचलं, हे माझं चुकलंच. महादेवप्पा एका बाईंना इरकली लुगडं दाखवत होते. ते त्यांनी बाईंच्या हातातून काढून घेतलं, घडी घातली, "उद्या या," म्हणाले आणि दुकानाच्या फळ्या लावल्या.

दुसऱ्या दिवशीही फळ्या तशाच. समोरचे तंबाखूवाले धोंडप्पा काळजीनं विचारायला आले.

"काय हो, कोण गेलं?"

महादेवप्पांच्या बायको गौरम्मा संतापलेल्या होत्या. "मंजुळा!" म्हणाल्या आणि आत गेल्या.

धोंडप्पांनी पुढे विचारलं नाही. महादेवप्पांच्या भाच्या-पुतण्या अक्कलकोटपर्यंत पसरलेल्या; त्यातली कोणतीही मंजुळा असू शकत होती. संध्याकाळपर्यंत ओट्यावर माणसं येऊन बसली. कोणी म्हणालं, "लई गुणाची होती." अक्कलकोटच्या एका बाईंना तर ती परकर नेसून खेळायची तेही आठवलं. शेजारपाजारच्या घरांतून पिठलं-भाकरी आली. गौरम्मा कपाळाला हात लावून म्हणत होत्या, "अय्यो शिवा! आमच्या लिंगायतांत खऱ्या माणसाचं सुतक न्हाय, आणि हे काय!" पिठलं चांगलं झालं होतं. मी दोन्ही वेळेला सांत्वनाला गेलो.

तिसऱ्या दिवशी मात्र महादेवप्पांनी पुस्तक माझ्या हातात दिलं.

"कमळ्या, हे वाचनालयात देऊन ये. वर्गणी बंद कर म्हणून सांग. आता न्हाय ऐकायचं कायबी."

वाचन बंद म्हणजे मला घरी बसून सुधारावं लागणार होतं. आणि खरं सांगायचं तर, घोड्याच्या पाण्याची चौकशी करणारं दुसरं माणूस अख्ख्या सोलापुरात नव्हतं.

गौरम्मांनी मला दारातच धरलं. "तू मारलास तिला. आता तूच उठव. दुकान उघडलं पायजे."

मी परत बसलो, शेवटचं प्रकरण उघडलं आणि त्यात जे नव्हतं ते वाचू लागलो. तिरडी उचलतात तोच मंजुळेचं बोट हललं. नेमका तिथून एक वैद्य चालला होता. त्यानं मात्रा चाटवली. मंजुळा ताडकन उठून बसली आणि म्हणाली, "सासूबाई, आजपासून मी तुमचं ऐकायची नाही!"

गौरम्मांना ते फार आवडलं. महादेवप्पा डोळे मिटून ऐकत होते.

"थांब," ते म्हणाले. "ही मंजुळा न्हाय."

"नाही कशी? इथे लिहिलंय."

"ती असं बोलायची न्हाय. उठली असती तर आधी इचारली असती, सासूबाई जेवल्या का म्हणून." मग डोळे उघडून म्हणाले, "वैद्य बी तुझाच की."

"तुम्हाला कसं कळलं?"

"घोड्यांना पाणी बी तूच पाजत होतास. येवढं पाणी कुटं असतंय रे पुस्तकात! पर ते चालतंय. घोडा तहानेला असतोय. मेलेल्या बाईला खोटं उठवू नये."

मी पुस्तक मिटलं. "मग उद्यापासून मी येऊ नको?"

यात विनोद करायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. महादेवप्पांनी मिटलेल्या पुस्तकावर बोट ठेवलं.

"पहिल्या पानावर ती कुटं हाय?"

"माहेरी. अंगणात सांडगे घालतेय."

"मग तितनं वाच की."

मी पहिलं पान काढलं. दुसऱ्या दिवशी फळ्या निघाल्या.

आता पुढचं सगळं ठाऊक असल्यामुळे महादेवप्पा मंजुळेला पानोपानी बजावू लागले. "पोरी, त्या स्थळाला हो म्हणू नको!" लुगडं घ्यायला आलेल्या बायाही त्यांना दुजोरा देत. मंजुळा कोणाचंही ऐकत नसे. तापाचं प्रकरण आलं की महादेवप्पा पानावर हात ठेवत.

"बास. परत माहेरी ने."

मी नेत असे. दिवाळी गेली, संक्रांत गेली. एक दिवस वाचनालयाचा शिपाई दारात उभा राहिला. पुस्तकाची मुदत कधीच संपली होती, आणि दुसरे वर्गणीदार ओरडत होते.

"सांग त्यांना," महादेवप्पा म्हणाले, "पोरगी माहेरपणाला आलीया. मरायला सासरी धाडणार न्हाय."

शिपायानं माझ्याकडे पाहिलं. मी सांडग्यांपाशी होतो. त्यानं वहाणा काढल्या, आत येऊन बसला आणि विचारलं, "लग्न ठरलं का अजून न्हाय?"