सातवी ब, हजेरी क्रमांक एकोणतीस

मी एक जुना घायपात आहे. वनस्पती उद्यानातल्या काचघरामागे, खडीच्या वाफ्यात माझा मुक्काम असतो. मित्रांनो, झाडं क्षमाशील असतात असं तुमच्या पुस्तकांत लिहितात. लिहिणाऱ्याने मला विचारलं नव्हतं.

मी वीतभर होतो तेव्हा माळीकाकांनी मला कुंडीतून काढून इथे लावलं. दर वर्षी ते माझी खालची वाळलेली पानं कोयत्याने छाटतात आणि छाटताना माझ्याशी बोलतात, बहुतेक स्वतःच्या गुडघ्यांविषयी. माझी पानं जाड, निळसर, गुळगुळीत. लोक थांबून कौतुक करायचे. पण गुळगुळीत पान दिसलं की काहींची बोटं शिवशिवतात.

सोळा वर्षांपूर्वी एका शाळेची सहल आली. मागे रेंगाळलेल्या एका मुलाने कंपासपेटीतून कर्कटक काढलं आणि माझ्या सर्वांत देखण्या पानात रोवलं. उत्तरपत्रिकेवर लिहायची सवय अंगात भिनलेली, म्हणून त्याने सुवाच्य अक्षरात सगळंच कोरलं: स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, इयत्ता सातवी ब, हजेरी क्रमांक एकोणतीस. शेवटी कर्कटकाचं टोक मोडून पानात राहिलं. फार दुखलं. पहाऱ्यात कसूर केली म्हणून माळीकाकांना बोलणी खावी लागली, ती वेगळीच.

मी डूख धरला. पान वाढलं तशी अक्षरंही वाढली. शेजारची पानं वाळून छाटली गेली, पण ते पान मी वाळू दिलं नाही. बाकीच्यांच्या तोंडचं पाणी काढून त्याला पाजलं. त्याच्यानंतर आणखी कितीतरी जणांनी मला कोरलं, पण पूर्ण पत्ता देणारा तो एकच.

गेल्या महिन्यात उद्यानाला नवे अधीक्षक आले. चालताना नाक वर, हात मागे. माझ्यावरची अक्षरं वाचायला वाकावं लागतं आणि साहेब वाकत नाहीत. एका रविवारी ते आपल्या आईला उद्यान दाखवायला घेऊन आले. माझ्यासमोर थांबले आणि आईच्या देखत माळीकाकांचा पाणउतारा करू लागले.

"इतकी वर्षं तुम्ही केलंत काय, काका? झाडाची पार पाटी करून टाकलीय लोकांनी. उद्या हे उपटून टाका. आणि परवापासून तुम्ही फाटकावर बसा. झाडांचं काम आता बास."

माळीकाकांच्या हातातली झारी तिरकी झाली आणि पाणी त्यांच्याच पायावर सांडलं. त्यांनी झारी खाली ठेवली. मग ते आईंना म्हणाले, "उभ्या का, आई? इथे कट्ट्यावर बसा. सावली आहे."

कट्टा बुटका. बसल्यावर ते पान बरोबर त्यांच्या डोळ्यांसमोर आलं. त्यांनी चष्मा लावला, सावकाश वाचलं, मग बोट लावून पुन्हा वाचलं.

"अरे, हे तर तुझं नाव."

साहेब हसले. "आई, एका नावाची शंभर माणसं असतात."

"तुझ्या बाबांचंही नाव आहे. सातवी ब, एकोणतीस." मोडक्या टोकावर त्यांचं बोट थांबलं. "कर्कटक वर्गातल्या मुलाने चोरलं म्हणून रडत आला होतास. मी त्याच्या घरी जाऊन त्याच्या आईशी भांडले रे."

साहेबांचा चेहरा उतरला. मित्रांनो, त्या क्षणासाठी मी सोळा वर्षं ते पान जगवलं होतं. मला मुळीच दया आली नाही.

"हे झाड इथेच राहील," आई म्हणाल्या. "आणि हे काकाही. तू रोज इथून जा."

आता साहेब रोज जातात, मान खाली घालून. माळीकाकांनी आईंना नेमकं तिथेच का बसवलं, हे विचारायची मला सोय नाही. ते अजून गुडघ्यांविषयीच बोलतात.

यंदा माझ्या पोटातून फुलाचा दांडा वर येतो आहे. आम्ही एकदाच फुलतो आणि मग मरतो. तेव्हा मित्रांनो, झाडांवर कोरू नका. झाड गेलं की सुटलो, असंही समजू नका. माझ्या पायाशी सात पिल्लं उगवली आहेत आणि ते नाव मी त्यांच्याकडून हजेरी क्रमांकासकट पाठ करून घेतलं आहे.