थाळाला पहिलं पान नसतं

संतापाने अनमचे कान तापले होते. एका मार्काने तिची जागा गेली होती, आणि तो मार्क तिच्या हक्काचा होता.

श्रीवर्धनच्या जीवन सरांनी सीईटीच्या क्लासमध्ये एक जागा मोफत ठेवली होती. चाचणीत पहिला येईल त्याला ती मिळणार. अनमच्या अब्बांचं कुवेतमधलं काम सुटलेलं, तेव्हा फी भरून क्लास हा विषयच नव्हता. यादी लागली: स्वप्निल चव्वेचाळीस, अनम त्रेचाळीस.

तिचा चुकीचा धरलेला प्रश्न असा: चार जण गोल टेबलाभोवती बसणार, त्यातले ठरावीक दोघं शेजारी-शेजारी नकोत, तर बसण्याचे प्रकार किती? अनमने लिहिलं होतं दोन. सरांनी गाइडमधून घेतलेल्या उत्तरसूचीत होतं बारा.

बारा! अनमच्या मोहल्ल्यात लग्नाचं जेवण एकेका मोठ्या थाळाभोवती चौघं बसून, त्या एकाच थाळातून होतं. तिची फूफी, अब्बांची बहीण रहिमुन्निसा, असे थाळ लावण्यात मुरलेली, आणि कोण कोणाशी बोलत नाही ते तिला तोंडपाठ. तिने प्रश्न ऐकला आणि तांदूळ निवडता निवडताच निकाल लावला.

"दोनच गो. रुसलेले समोरासमोर, बाकीचे दोघं मधी. फार तर त्या मधल्यांची अदलाबदल कर. बारा कुठून आणलं त्यांनी?"

कुठून आणलं ते अनमला दुसऱ्या दिवशी क्लासचा जिना चढताना कळलं. गाइड लिहिणाऱ्या शहाण्याने पंगत मोजली होती! ओळीत बसवले तर बारा येतात, कारण पंगतीला सुरुवात असते, शेवट असतो. थाळाला कुठलं आलंय पहिलं पान?

"गाइडमध्ये बाराच आहे," तिने वर्गात पेपर पुढे केला तेव्हा जीवन सर म्हणाले. मान वर न करता.

"गाइड काय आभाळातून पडलंय, सर?"

अनमला स्वतःचीच भीती वाटली, पण आता माघार नव्हती. तिने स्वप्निलला उठवलं, नूतनला उठवलं, आणखी दोघांना ओढलं आणि चौघांना खाली गोल बसवलं.

"स्वप्निल आणि नूतनचं भांडण आहे समजा. शेजारी नको, म्हणजे समोरासमोर. दुसरी सोय आहे का? आता सगळे एकेक जागा सरका. कोणाचा शेजारी बदलला?"

"न्हाय बदलला," नूतन म्हणाली.

"मग हा नवा प्रकार नाही. आता मधल्या दोघांनी जागा बदला. हा दुसरा. संपलं! आणि समजा, प्रत्येक खुर्ची वेगळी धरून मोजलं, तरी आठ होतात. बारा तर कशानेच होत नाहीत, सर."

सरांनी वहीत आकडेमोड केली. खोडली. पुन्हा केली. खाली बसलेल्या चौघांच्या मांड्या अवघडल्या, तेव्हा कुठे ते बोलले.

"बरं बाई, दोन."

अनमला रडू फुटायचंच बाकी होतं.

"प्रश्न चुकला म्हणजे तो रद्द," सर पुढे म्हणाले. "त्याचा मार्क सगळ्यांना."

"रद्द कशाला? प्रश्न बरोबर आहे, उत्तरसूची चुकलीय! पर्यायांत दोन होतं. मी तेच लिहिलं."

"सगळ्यांना म्हणजे तुलाही मिळाला ना? तुझे चव्वेचाळीस झाले."

"आणि स्वप्निलने बारा लिहिलं, त्याचा मार्क?"

"त्याचा राहिला. कोणाचंच नुकसान नको. तुमची झाली बरोबरी, आणि बरोबरीत वयाने मोठ्याला जागा, हा नियम सगळीकडेच असतो."

स्वप्निल तिच्याहून एकोणीस दिवसांनी मोठा निघाला. तो पोरगा मान खाली घालून बसला होता, पण जागा नको असं काही म्हणाला नाही. म्हणेल तरी का?

अनमने आपला पेपर उचलला.

"म्हणजे उत्तर बरोबर लिहिलं ही माझी एक चूक, आणि उशिरा जन्मले ही दुसरी. असंच ना, सर?"

सरांनी घड्याळ पाहिलं आणि स्वप्निलला पहिल्या बाकावर बसायला सांगितलं.