बटाट्याला झालेली बाधा

दिवाणखान्यात चाळीस माणसं श्वास रोखून बसली होती. तेवढ्यात बाटलीचं बूच फट्कन उघडलं आणि सगळे दचकले.

पाणीबाबांनी समोरच्या ऑर्किडचं एक पान हातात घेतलं. पानावर बुरशीचे काळे डाग होते. "रोगाचं दार उघडतो," असं म्हणत त्यांनी डागावर नखानं ओरखडा काढला आणि वर पाण्याचे चार थेंब सोडले. सर्रकन पांढरा फेस उसळला.

"अगं बाई!" पुढच्या रांगेतून आवाज आला.

"पाहिलंत? मलिनता रडतेय," बाबा म्हणाले. मग त्यांनी शेजारच्या हिरव्यागार पानावर थेंब सोडले. तिथं काहीच झालं नाही. "आणि हे पान? निर्मळ! निर्मळ असेल तिथं माझं पाणी मौन पाळतं."

शेवटच्या रांगेत एक सून सहा वर्षांच्या लेकीला मांडीवर घेऊन बसली होती. तिला हसू येत होतं, पण हसायची सोय नव्हती. सासूबाईंच्या तीन कुंड्या हे पाणी घातल्यावर खरोखर सुधारल्या होत्या. डाग वाळले, नवीन मुळं फुटली. पाण्याबरोबर बाबांनी सडकी पानं कापायला, पानांवर पाणी साचू न द्यायला आणि खिडकी उघडी ठेवायला सांगितलं होतं. या गोष्टींना श्रेय द्यायचं कुणालाच सुचलं नव्हतं.

"झाडाला जे लागू, तेच माणसाला," बाबा म्हणाले. "बोला, कुणाची पीडा?"

सासूबाई उठल्या. "माझं पोट. वर्षभर गोळ्या खातेय. आजपासून बंद. रोज सकाळी एक पेला तुमचं पाणी घेईन."

बाबांनी पेला भरला. सासूबाईंनी तो हातात घेतला. सुनेच्या बाळंतपणात तिच्या उशाशी महिनाभर बसून घास भरवणारी बाई होती ती.

तेवढ्यात लेक कानात कुजबुजली, "आई, हे तर माझ्या गुडघ्याचं औषध!"

मागच्या महिन्यात ती सायकलवरून पडली, तेव्हा कंपाउंडरनं जखमेवर काहीतरी ओतलं होतं. असाच फेस आला होता.

सून ताडकन उठली. "अहो आई, थांबा! पिऊ नका." मग यजमानीणबाईंकडे वळून म्हणाली, "वहिनी, एक बटाटा देता? कच्चा."

"आत्ता? भाजीची वेळ आहे का ही?"

पण बटाटा आला. सुनेनं तो चिरला आणि बाबांच्या बाटलीतलं पाणी त्यावर ओतलं. बटाटा पानापेक्षा जोरात फसफसला.

"बाबा, याला कसली बाधा?"

बाबा म्हणाले, "तो जमिनीखाली वाढतो. अंधारात."

दोघा-चौघांनी माना डोलावल्या.

मग सुनेनं त्या निर्मळ पानावर नखानं ओरखडा काढला आणि थेंब टाकले. तेही फसफसलं. आता कुणी मान डोलावली नाही.

"शाळेच्या प्रयोगशाळेत मी काचसामान सांभाळते," ती म्हणाली. "दरवर्षी मुलं हाच बटाट्याचा प्रयोग करतात. हे हायड्रोजन पेरॉक्साइड आहे. औषधाच्या दुकानात मिळतं. झाडात, बटाट्यात, आपल्या रक्तात एक द्रव्य असतं, ते यातला प्राणवायू मोकळा करतं. तोच हा फेस. धडधाकट पानाचा वरचा पापुद्रा ते द्रव्य आत झाकून ठेवतो. बाबा ओरखडा फक्त रोगट पानावर काढतात, म्हणून फेसही तिथंच येतो."

"नास्तिक बाई आहे!" बाबा गरजले.

"असेन. तुम्ही निर्मळ आहात ना? मग हा पेला तुम्हीच घ्या. पोटात मौन पाळेल."

बाबांनी पेल्याकडे पाहिलं. चाळीस माणसांनी बाबांकडे पाहिलं. "मला गरज नाही," ते म्हणाले, आणि बाटल्या पिशवीत भरू लागले.

"औषध वाईट नाही," सून सगळ्यांना म्हणाली. "वरच्या बुरशीवर बेताबेतानं लावा, चालेल. पण प्यायलात तर आतून पोळाल. फेस पाहून हात जोडू नका. बाटलीत काय आहे, ते कशासाठी आहे, एवढं तरी विचारा. विचारल्यानं कुणाला पाप लागत नाही."

सासूबाईंनी पेला खाली ठेवला. "चारचौघांत मला वेड्यात काढलंस," एवढंच म्हणाल्या, पण जिना उतरताना त्यांनी सुनेचा दंड घट्ट धरला होता.

लेक दोन पायऱ्या पुढे जाऊन थांबली.

"आई, पाणीबाबांनी स्वतः नाही प्यायलं. म्हणजे त्यांना माहीत होतं ना?"

"हो, बाळा."

"मग ते आजीला का देत होते?"