चिन्नोर आणि वाइन

दुधाच्या गंजात वाइन थुंकणारा माणूस अख्ख्या मोहाडी तालुक्यात एकच असंल, अन् तो माह्याच पदरी पडला.

"पातेलं तं दुसरं घ्या ना," मी म्हटलं, तं हे म्हणतेत, "ललिता, मोठे मोठे जाणकार पीत नाहीत. तोंडात घोळवतेत अन् थुंकतेत." आता पियाचं नाही, नुसतं थुंकाचं, तं एवढी महाग बाटली आणाची कायले? चूळ भराले नळाचं पाणी काय कमी होतं? पण आमच्या मेघाच्या बाबाले कोण सांगंल. सांगाले गेलं का उलटं मलेच शिकवाले बसतेत.

आमचे हे, म्हणजे देवाजी, तांदळाचे दलाल. तीस साल झाले या धंद्याले. मूठभर तांदूळ घ्याचा, मूठ बंद कराची, तिच्यात तोंडाची गरम वाफ सोडाची अन् नाकाजवळ नेऊन सांगाचं, का हा खरा चिन्नोर आहे, हा मिलावटी आहे, हा मागच्या सालचा आहे. चिन्नोर म्हणजे आमच्याकडचा वासाचा तांदूळ. दिसाले त्याच्यासारखे दहा तांदूळ भेटतेत, पण वास एकाचाच. ह्याईनं हो म्हटलं तं मिलवाला डोळे मिटून गोण्या उतरवून घ्याचा. आमच्या घराची सारी इज्जत त्या एका नाकावर.

अन् कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ते नाकच गेलं. ताप उतरला, खोकला गेला, वास काही वापस आला नाही. भंडाऱ्याच्या डॉक्टरनं सांगितलं, रोज सकाळ-संध्याकाळ लवंग, लिंबू, निलगिरी हुंगत जा, हळूहळू येईल. ह्याईनं आठ दिवस हुंगलं अन् देल्लं सोडून. "मी काय लहान पोरगा आहो का," म्हणे.

मग धंदा कसा चालला? असा चालला, का हे नमुन्याची पुडी खिशात टाकून घरी आणाचे. मांगच्या आंगणात मी मूठ बंद करून वाफ सोडाची, वास घ्याची अन् सांगाची. हे मिलवर जाऊन तेच सांगाचे. तीन सालाच्या वर झालं हे. मले अन् मेघाले सोडून कोणालेच माहीत नाही. एक डाव चूक झाली नाही. त्याबद्दल मले कोणी एक शब्द म्हटला का? जाऊ द्या.

मेघा आमची पोरगी, नाशिकले नोकरीवर आहे. दिवाळीत आली तं लाल वाइनची एक बाटली घेऊन आली अन् एक गोल रंगीत कागद. त्या कागदावर वाइनमधी कोणकोणते वास येतेत त्याची यादी, ब्लॅकबेरीपासून चामड्यापावेतो. "बाबा, लवंग हुंगून कंटाळता ना तुम्ही? मग हे करा. छंदाचा छंद, नाकाचा व्यायाम." पोरीनं मायेनं केलं, तिले मी काही बोलत नाही. पण ती चार दिवसांनं निघून गेली अन् भोगणं माह्या वाट्याले आलं.

दिवसभर फोनवर व्हिडिओ. लांब दांडीचे काचेचे ग्लास मागवले, त्याईले पुसाले वेगळा मऊ कपडा. ग्लास असा तिरपा धराचा, असा गोल फिरवाचा. अन् व्हिडिओतला माणूस कधीच करत नाही ते आमचे हे कराचे. ग्लासवर तळवा ठेवून आतमधी गरम वाफ सोडाचे, तांदळाले सोडतेत तशी. काच धुकट होऊन जाये. मग नाक खुपसून कागदाकडे पाहात म्हणाचे, "ब्लॅकबेरी."

"ब्लॅकबेरी तुम्ही कधी पाह्यली का?"

"नाही."

"मग तिचा वास तुमाले कसा काय येऊन राहिला?"

"येते ना."

मी ग्लास हाती घेऊन हुंगला. मले तं जांभळाचा वास आला, अन् मागून ओल्या पोत्याचा, अन् मोहफुलं पाण्यात टाकली का येते तसा थोडासा. तसं सांगितलं तं ह्याईनं कागद वरून खाली पाह्यला अन् म्हणाले, "यादीत मोहफूल नाही." म्हणजे मी चुकली.

त्याच्याहून कहर म्हणजे बाटली अर्धी उरली. मेघानं फोनवर बजावलं होतं, एकदा उघडली का फ्रिजमधी ठेवा अन् चार दिवसांत संपवा. हे म्हणाले, "पोरीले काय समजते. तांदूळ जुना झाला का भाव चढते. वाइन बी जुनीच चांगली, सारी दुनिया सांगते." बूच काढताना तुटलं होतं. तं बाटलीत चिंधी खोसली अन् ती आलमारीवर ठेवून देल्ली. दीड-दोन महिने तिथंच.

अन् याच्यातच ह्याईनं जाहीर केलं, का नाक वापस आलं. आता पुड्या घरी आणाची गरज नाही. आनंदरावच्या मिलवर सानगडीहून दोनशे गोण्या चिन्नोर सोमवारी येणार होता, तो म्हणे हे तिथंच पाहतील, सगळ्याईसमोर, पहिल्यासारखं.

"खरंच येऊन राहिला का जी वास?" मी विचारलं.

"मी खोटं बोलतो का?"

खरंच आला असता तं माह्याएवढं खूश कोण झालं असतं. पण नसंल आला अन् दोनशे गोण्या मिलावटी पास केल्या, तं तीस सालाचं नाव एका सकाळी मातीत. चार दिवस मले जेवण गोड लागलं नाही. हे मात्र ग्लास पुसत बसले.

रविवारी दुपारी ह्याईनं आनंदरावले बोलावलं अन् शहापूरच्या यादोराव गुरुजीले. वाइन कशी चाखाची ते दाखवाचं होतं म्हणे. बैठकीत तिघं खुर्च्याईवर बसले. मी चिवड्याची प्लेट घेऊन सयपाकघराच्या दारात, नेहमीसारखी. ह्याईनं आलमारीवरून बाटली काढली, तिच्यातली चिंधी ओढली, अन् मी उभी होती तिथपर्यंत वास आला. आंबलेल्या पेजेसारखा. डोळ्यातून पाणी यावं असा.

ह्याईनं ओतली. फिरवली. वाफ सोडली. नाक खुपसलं अन् डोळे मिटून म्हणाले, "ब्लॅकबेरी. अन् मागून चामडं."

यादोराव गुरुजीनं एक घोट घेतला. त्याईचं तोंड असं झालं का विचारू नका. "असंच लागते का हे, देवाजी?"

"जुनी आहे ना, गुरुजी."

"हाव, मग बरोबर आहे," म्हणून त्या सज्जन माणसानं ते गिळलं.

आनंदरावनं नुसते ओठ लावले अन् मान हलवली. "तुह्यासारखं नाक आपल्याले नाही बा. म्हणून तं उद्या तू आहेस."

ज्या नाकाले हे समजलं नाही, त्याले उद्या काय समजणार होतं? "अजी, जरा आत या," मी हाक मारली. "थांब, काम चालू आहे." पुन्हा हाक मारली. ह्याईनं न पाहता हातानं मले गप्प केलं.

मग माहं डोकं फिरलं. प्लेट घेऊनच बैठकीत गेली, ती टेबलावर आदळली, ह्याईच्या हातातून ग्लास घेतला, अन् ज्या माणसाईसमोर लग्नाच्या चौतीस सालात कधी चहा पेली नाही त्याईच्यासमोर एक घोट घेतला.

"हे आंबलं आहे," मी म्हटलं. "पुरा सिरका झाला याचा. कसली ब्लॅकबेरी अन् कसलं चामडं."

गुरुजीनं आपला ग्लास हळूच खाली ठेवला. आनंदराव हसला नाही. ह्याईच्याकडे पाहून म्हणाला, "देवाजी, तुले समजलं नाही?"

मी तयार होती. आता हे ओरडतील, बाईमाणसाले काय समजते म्हणतील, तं मी बी सोडणार नव्हती. पण ह्याईनं ती चिंधी उचलून बाटलीत वापस खोसली.

"नाही," मग म्हणाले. "मले काहीच वास येत नाही. कोरोनापासून. आनंदराव, तीन सालात तुह्या मिलवर जो माल मी पास केला तो हिनं पास केला. मांगच्या आंगणात."

तीन साल मले वाटत होतं, का कोणाले तरी हे माहीत पडावं. अन् पडलं तेव्हा मले काही चांगलं वाटलं नाही. ह्याईचं तोंड एवढंसं झालं होतं. मले त्या बाटलीचा राग आला, मेघाचा आला, अन् सगळ्यात जास्त माहाच आला. थोडं थांबता येत नव्हतं का मले?

आनंदरावनं बोटाईवर तीन सालाचे हंगाम मोजले. मग म्हणाला, "एक बी गोणी वापस आली नाही." अन् माह्याकडे वळला. "वैनी, उद्या दहाले गाडी येते. तुम्ही या."

"मी? तुमच्या मिलवर बाया झाडाले येतेत, भाऊजी. वास घ्याले नाही." मी ह्याईकडे पाह्यलं. "अन् हे?"

आनंदराव खाली पाहाले लागला. ह्याईचं आता मिलवर काम नाही, हे मले समजलं, ह्याईलेही समजलं.

"मी आणीन तिले," हे म्हणाले अन् खुर्चीवरून उठले. "बस वं."

"राहू द्या, मी आपली..."

"बस म्हणलं ना."

मी बसली. पाहुण्याईसमोर त्या खोलीत आतापावेतो कधी बसली नव्हती, हात कुठं ठेवाचे तेही सुचेना. हे टेबलावरची चिवड्याची प्लेट उचलून सयपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले अन् तिथून गुरुजीले विचारलं, चिवडा घेता का.